तीन रंगांचे फोल्डर

मीनाक्षीकाकू वर्गात कधी बसत नाहीत. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या रविवारच्या मराठी शाळेत त्यांची अकरा मुलं तीन टेबलांभोवती असतात आणि काकू त्यांच्यामध्ये फिरत राहतात. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेला राजस घडाघडा वाचतो, शेजारी कुणी अजून 'क' गिरवतं. एकाला समजावावं तर दुसरा कंटाळतो, दुसऱ्याकडे वळावं तर पहिला विसरतो.

आठवडाभर काकू कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासतात. मापात बसणारे इकडे, न बसणारे तिकडे. चोवीस वर्षांची सवय. जानेवारीत त्यांनी मुलांची छोटी चाचणी घेतली आणि गुणांप्रमाणे हिरवे, पिवळे, लाल फोल्डर वाटले. रंगांचा अर्थ त्यांनी कुणाला सांगितला नाही. मुलांना तो लगेच कळला.

लाल फोल्डरवाल्यांच्या टेबलावर सहा-सात वर्षांची तीन मुलं होती, आणि तेरा वर्षांची इशिता. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि वाचन जेमतेम. तिने फोल्डर जॅकेटच्या आत सरकवला. पुढचे दोन रविवार ती गाडीतून उतरलीच नाही. तिसऱ्या रविवारी तिची आई अस्मिता एकटीच जिना चढून वर्गात आली आणि म्हणाली, तिचं नाव काढून टाका, दर आठवड्याला घरात भांडण नको.

काकू कोट न घालताच पार्किंगमध्ये गेल्या. कडेला बर्फाचे ढीग होते. अस्मिताच्या गाडीची मागची काच खाली झाली.

"आय ॲम रेड, काकू," इशिता म्हणाली. "एव्हरीबडी नोज."

काकू काचेपाशी वाकल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आज एक तास ये. नाही आवडलं तर नाव मीच काढते."

ती आली. जिना चढताना काकूंना धाप लागली, आणि या तासाभरात करायचं काय हे अजून ठरलं नव्हतं. फोनमध्ये भावाने बोलून पाठवलेला निरोप होता: वाईतल्या नव्या घरी कसं यायचं. त्यांनी टेबलं एकत्र ओढली, निरोप सगळ्यांना ऐकवला आणि फळ्यावर नकाशा काढायला सांगितलं.

राजसने भराभर रस्ता काढला. लहान मुलांनी त्यात पूल आणि पिठाची गिरणी काढली. इशिता मागे भिंतीला टेकून बघत होती.

"गिरणीनंतर नाही," ती अचानक म्हणाली. "गिरणीच्या अलीकडे वळायचं."

"मी नीट ऐकलंय यार," राजस म्हणाला.

"परत लावा, काकू."

काकूंनी निरोप परत लावला. वळण गिरणीच्या अलीकडेच होतं. राजसने रेघ पुसली आणि खडू तिच्यापुढे धरला.

त्या दिवशी काकूंनी फोल्डर गोळा करून घेतले. निघताना इशिताला पुढच्या वेळी येणार का, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

पुढच्या रविवारी पावणेदहापासून त्या खिडकी आणि टेबल यांच्यात येरझारा घालत होत्या. भावाचा नवा निरोप राजससाठी फार सोपा होता, लहानांसाठी फार लांब. खाली अस्मिताची गाडी थांबली. बराच वेळ काही हललं नाही. मग मागचं दार उघडलं.

काकू टेबलाकडे वळल्या. राजससाठी अजून काहीच तयार नव्हतं.