मावशी कशाला हसली

त्या दिवसांतलं मला सगळ्यात आधी धुकं आठवतं. भातं कापून झाली होती, कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि खाडीवर उतरलेलं धुकं आठ-साडेआठपर्यंत जागचं हलत नसे. पलीकडचा किनारा दिसायचाच नाही, नुसते आवाज यायचे. कुणी भांडी घासत असायचं, कुणी कुणाला हाक मारत असायचं, आणि ते सगळं इतकं जवळ वाटायचं की हात पुढे केला तर माणसाला लागेल.

मी रत्नागिरीत लग्नाचे व्हिडिओ काढते. वीसेक वर्षं झाली. सुरुवातीला मी कॅमेरा घेऊन मांडवात शिरले की लोक माझ्या मागे बघायचे, कॅमेरावाला अजून यायचाय असं समजून. आता सवय झाली, त्यांनाही आणि मलाही. निवडणुका आल्या की मुंबईच्या वाहिन्यांना इथलं कुणीतरी लागतं. त्या विधानसभेला एका वाहिनीनं मला बोलावलं. त्यांची बातमीदार आली ती जेमतेम पंचविशीची मुलगी होती. खांद्याला पिशवी, पायात पांढरे बूट, बोलणं गोड. आमच्या मतदारसंघात चार पुरुषांमध्ये एक बाई उभी होती, आणि ह्या मुलीला वरून एकच काम दिलं होतं: बायकांना विचारायचं, बाई बाईला मत देणार का.

"ताई, जरा वेगळं दृश्य मिळेल असं गाव सांगा ना," ती म्हणाली.

मी तिला माझ्या मावशीच्या गावी नेलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सत्तरीची, काटक. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, खाडीत उतरून तिसऱ्या काढते, वाळूतले खायचे शिंपले. तिचा सगळा जन्म त्या चिखलपाण्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा पंधरा-वीस बायका कंबरभर पाण्यात होत्या. पायांनी वाळू चाचपायची, तिसरी लागली की वाकून उचलायची आणि शेजारी तरंगणाऱ्या टोपात टाकायची. धुक्यात त्यांचे पाय नाहीत, पाणी नाही, नुसती डोकी आणि टोपं हळूहळू सरकताना दिसत होती. मी कॅमेरा लावला आणि किती वेळ तशीच बघत राहिले. कुणी काही बोलत नव्हतं. फक्त शिंपला टोपात पडल्याचा टक् असा आवाज.

बातमीदार मुलीनं घड्याळ बघितलं. मग बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि ती सरळ पाण्यात उतरली. त्या क्षणी ती मला आवडली.

तिनं मावशीपुढे माईक धरला. "आजी, यंदा एक महिला उभी आहे. तुम्ही सगळ्या महिला तिलाच मत देणार ना?"

मावशी हसली. असं हसली की हातातलं टोप डुचमळलं. तिच्या शेजारच्या हसल्या, त्यांच्या पलीकडच्यांना काय झालं ते ऐकू गेलं नव्हतं, त्याही हसल्या. धुक्यात दूरपर्यंत ते हसणं गेलं. मग पदरानं डोळे पुसून मावशी म्हणाली, "बाय माझे, तुमच्याकडं मुंबईत पुरुष मिशा बघून मत देतात काय?"

मुलगी गोंधळली. "नाही, तसं नाही."

"मग आम्हालाच काय इचारतीस? तिच्या दिराचे पंप हायत. रोज वाळू ओढतात. वाळू गेली की तिसरी कुठं ऱ्हाणार? आम्ही तहसीलदाराकडं अर्ज दिलाय, माझा अंगठा पहिला हाय. ती बाई हाय म्हणून पंप थांबणार हायत काय?"

तेवढ्यात मागून एक जण पुढे आली. तिची मुलगी रत्नागिरीला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "मी तिलाच देणार. सकाळची एसटी तिनंच चालू करून घेतलीन. पोरगी आधी चार मैल चालायची. पुरुषानं केली असतीन तरी त्यालाच दिलं असतं."

"आणि तुम्ही?" बातमीदार मुलीनं आणखी एकीला विचारलं. तिचा नवरा कतारला नोकरीला. डोक्यावरची ओढणी दातात धरून ती वाकली होती. ती सरळ झाली, जरा विचार केला. "मी अजून ठरवलं नाही. दोघांच्या सभा राहिल्यात. ऐकून सांगते." आणि परत वाकली.

हे सगळं मी घेतलं. पंचेचाळीस मिनिटं. परत येताना मुलगी गाडीत खूश होती. "ताई, काय बोलल्या ह्या बायका," ती सारखी म्हणत होती. मीही खूश होते. मावशी टीव्हीवर येणार म्हणून घरी फोन केला.

संध्याकाळी बातमी लागली. धुकं दिसलं, टोपं दिसली, आणि मग मावशी हसली. तीन सेकंद. खाली पट्टी होती: बाईचं मत बाईलाच. मावशीच्या हसण्यावर कुठलंसं आनंदाचं संगीत घातलं होतं. मग स्टुडिओत बसलेली चार माणसं महिलांची मतं कुणाकडे वळणार यावर बोलू लागली. मावशीचा आवाज आलाच नाही.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. रागावलेली नव्हती, ते जास्त लागलं. "काय दाखवलास गो बाय? माझ्याबरोबर ज्यांनी अर्ज दिलान त्या इचारतात, तू कधी फिरलीस? शेजारीण हाक न मारता जाते खाडीवर. मी मागनं एकटी जातंय."

मी म्हटलं, "मावशी, मी कापलेलं नाही ते."

"ता मला ठाव हाय. पण त्यांना कसा सांगू?"

मी बातमीदार मुलीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, मी सगळं पाठवलं होतं. पण पट्टी मी मुंबईहून निघायच्या आधीच लिहून झाली होती. त्यांना फक्त चित्र हवं होतं." आणि मग, "मी काय करायला हवं होतं?" मी तिला जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

मतदान झालं. निकाल लागला, आणि ती बाई हरली. मी दुपारी एका साखरपुड्याचं काम संपवून घरी आले, टीव्ही लावला, तर परत तेच धुकं. तीच टोपं. मावशी तेच तीन सेकंद हसली. या वेळी पट्टी होती: बाईच बाईच्या मुळावर? संगीत तेवढं बदललं होतं. हसणं तेच, पण आता ते ऐकून मला स्वतःलाच ती कुणाच्या तरी पडण्यावर हसतेय असं वाटलं. स्वप्नात ओळखीचं घर असतं आणि आतली माणसं वेगळीच निघतात, तसं काहीतरी झालं होतं.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले. सुकतीला अजून वेळ होता. मावशीनं एकेकीला निरोप धाडला. आधी कुणी येईना, मग एसटीवाली आली, मग कतारवाली आली, मग पडवी भरली. शेजारीण सगळ्यात शेवटी आली आणि दाराशी उभी राहिली. मी अथपासून इतिपर्यंत सगळं लावलं, न कापता.

सुरुवातीची दहा मिनिटं नुसतं पाणीच होतं. मला वाटलं, कंटाळतील. पण कुणी हललं नाही. जन्मभर त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बायकांनी ते काठावरून कधी पाहिलंच नव्हतं. "ती मी," एक जण हळूच म्हणाली. "नाय गो, ती मी. तुझा टोप मोठा." एक बगळा त्यांच्या डोक्यांवरून उडत गेला, तेव्हा कुणाला तो आला होता हेही आठवेना. मग मावशी हसली, आणि पडवीत परत सगळ्या हसल्या. मग मिशांचं आलं, पंपाचं आलं, अर्जाचं आलं. संपल्यावर शेजारीण म्हणाली, "परत लाव." मी परत लावलं. जाताना ती मावशीला म्हणाली, "उद्या हाक मारतंय, तयार ऱ्हा." मावशीनं मान हलवली.

कतारवालीला मी चहा घेताना विचारलं, शेवटी कुणाला दिलंस. ती हसली. "ठरवलं आणि दिलं," म्हणाली.

पंप अजून चालतात, कधी बंद, कधी चालू. निवडून आलेला पुरुष एकदा होडीत बसून बघून गेला. ती मुलगी वाहिनी सोडून गेली असं ऐकलं. दिवाळीला तिचा मेसेज येतो.

एक गोष्ट मी त्या पडवीत सांगितली नाही, मावशीलाही नाही. मी त्या बाईलाच मत दिलं होतं. मला एसटीचं ठाऊक होतं आणि दिराच्या पंपांचंही. पण मतदानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मला काहीच आठवलं नाही. एका सभेत तिला पाहिलं होतं तेवढं दिसत राहिलं. व्यासपीठावर सगळे पुरुष, ती कडेच्या खुर्चीवर, आणि तिच्या हातातल्या कागदाची घडी घालणं, उलगडणं, परत घालणं. बाई म्हणून दिलं की एकटी म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या सकाळी खाडीवर मुलीनं सगळ्यांना विचारलं. कॅमेऱ्यामागे मी होते, मला तेवढं कुणी विचारलं नाही.