सहापर्यंतचा आवाज

माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडम फार कडक आहेत. आहेच मी. श्वासाची यंत्रं हाताळायला शिकवताना लाडीगोडी करून चालत नाही. नाशिकच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करायचं आणि तिथेच मुलांना शिकवायचं, असं दुहेरी जू मी बरीच वर्षं ओढते आहे. त्यातून मला एक सवय लागली होती. काही नवं, पाहण्यासारखं असलं की ते मी सकाळी दहासाठी राखून ठेवायचे. दहाला वर्ग यायचा. पुस्तकात वाचलेलं मुलांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. हेतू चांगला होता असं मी अजूनही म्हणते, पण त्याने मनाचं समाधान होत नाही.

ही गोष्ट ज्यांची, ते गृहस्थ नामपूरचे. कांद्याच्या लिलावात भाव पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. न्यूमोनिया होऊन आले, तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिले आणि शेवटी गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवावी लागली. अशा नळीतून श्वास चालतो, पण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज फुटत नाही. ज्यांची हाक चार ट्रॅक्टर ओलांडून जायची, ते आता नुसते ओठ हलवायचे. पाटी दिली, तर हात इतका थरथरायचा की अक्षर उमटेना.

त्यांच्या पत्नी देवळाली कॅम्पला भाचीकडे उतरल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. रोज सकाळी बसने यायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या, आणि अकराला भेटीची वेळ झाली की आत येऊन नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहायच्या. एका दुपारी त्यांनी मला दारातच अडवलं.

"ताई, त्यांना मला काय तरी सांगायचं हाय. रोज तेच तेच ओठ हालवतात. मला समजत नाय, मग ते चिडतात, मग रडतात. एकदा बोलू द्या ना त्यांना."

त्यांचा व्हेंटिलेटर सुटून तेव्हा दोन दिवस झाले होते. अशा वेळी नळीच्या तोंडावर एक छोटी झडप बसवता येते. श्वास नळीतून आत येतो, बाहेर जाताना झडप मिटते, हवा वर घशातून जाते आणि माणूस बोलू शकतो. ती झडप माझ्या कपाटातच होती. ते जागे होते, मावशी समोर उभ्या होत्या, मलाही वेळ होता. मी म्हटलं, "उद्या ऐकाल, मावशी." कारण उद्या दहाला वर्ग होता.

दुसऱ्या दिवशी मावशी नवी साडी नेसून नऊलाच येऊन बसल्या होत्या. मी त्यांना बघून मान हलवली आणि आत गेले. भेटीची वेळ अकराची, आणि नियमाच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नसे.

आठ मुलं पलंगाभोवती उभी राहिली. मी झडप बसवली. बसवल्यावर पेशंटला एक ते दहा मोजायला सांगायचं आणि तो कुठवर जातो ते वहीत लिहायचं, अशी आमच्याकडची पद्धत. ते दाराकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्याकडे बघा, बाबा. आकडे मोजा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोजायला लागले. आवाज घोगरा होता, पण दमदार. एक म्हणाले आणि थांबले. दोन म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, दम लागतोय. सहा म्हणून थांबले आणि पुन्हा दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, "छान, पुढे?" तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, ऑक्सिजन घसरायला लागला आणि मी झडप काढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

अकराला मावशी आत आल्या तेव्हा ते दमून झोपले होते. मी म्हटलं, उद्या पुन्हा बसवू, तुमच्यासमोर. उद्या आला तो तापच घेऊन. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. परत व्हेंटिलेटर, परत गुंगीची औषधं. चौथ्या दिवशी दुपारी ते गेले.

कागदपत्रं होईपर्यंत मावशी त्याच बाकावर बसल्या होत्या. भाची गाडी बघायला गेली होती. मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "तुमची एक पोरगी सांगत होती, त्या दिवशी ते बोलले. काय बोलले?"

तुमचं नाव घेतलं, असं सांगायचा मोह झाला. सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. पण मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तेवढंही जमलं नाही.

"आकडे मोजले, मावशी. मीच मोजायला लावले."

"कुठवर?"

"सहापर्यंत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कसे म्हनले? तसंच म्हनून दाखवा."

मी त्या बाकावर बसून मोजलं. एक, मग थांबले. दोन, मग थांबले. सहापर्यंत गेले आणि थांबले. मावशी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"असंच पुकारायचे ते," त्या म्हणाल्या. "आकडा म्हनायचा आन् थांबायचं. समोरून कोनी बोलतंय का, ते बघायचं."

मग त्यांनी माझा हात सोडला.

सहाला थांबून ते दाराकडे बघत होते. दारापलीकडे वीस पावलांवर मावशी बसल्या होत्या. आत आम्ही नऊ जण होतो, आणि मी वहीत सहा लिहून घेत होते.