व्याह्यांचा उचललेला हात

मिशरी लावलेलं तोंड आणि रडू दाबलेलं तोंड यांतला फरक मला ओळखता आला नाही, हे कबूल करायची आता लाज वाटत नाही. लाजायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर हल्ली जिना चढण्यात जातो. पण तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. गळ्यात मुलानं दिलेला कॅमेरा आणि डोक्यात 'क्षण पकडायचा' हे खूळ. शहापूरहून एसटीनं मुरबाडच्या बाजाराला जायचे आणि भांडणं, रडारड, रुसवेफुगवे हुंगत हिंडायचे. हसणारी माणसं मला चालत नसत. हसणाऱ्यांचे फोटो काय, कुणीही काढतं, असं सुनेला ऐकवायचे. ती बिचारी गुपचूप माझा डबा भरायची.

त्या दिवशी सिद्धगडच्या पायथ्याच्या पाड्यावरची एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तिच्यासमोर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा उभा, हात वर उचललेला. तिचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. मी केळ्यांच्या गाडीआड बसले (तेव्हा बसता यायचं आणि उठताही यायचं) आणि तीनदा बटण दाबलं.

"मिळाला!" मी ओरडले.

"काय मिळाला, बाई?" केळेवाल्यानं विचारलं.

"आक्रोश," मी म्हटलं. खरंच असं म्हटलं. आता आठवलं की स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो, पण हात तिथवर पोचत नाही.

शहापूरला आम्हा हौशी मंडळींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी तो फोटो दारासमोरच टांगला. खाली नाव, 'मुका आक्रोश'. लोक थांबायचे, च्‌ च्‌ करायचे. मी खांबाआड उभी राहून ते मोजायचे. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढून गावागावांच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'गरीब बाईवर हात उगारताना लाज नाही वाटत?'

पंधरा दिवसांनी ती बाई पत्ता विचारत माझ्या दारात आली. मला वाटलं, आभार मानायला आली. मी चहा टाकला.

"बाई, तो म्हातारा कोन, ठाव हाय तुमाला? माझ्या पोरीचा होनारा सासरा. सुपारी फुटलीय पोरीची."

"मग त्यांनी हात का उगारला?"

"उगारला? राम राम केला त्यांनी!"

"आणि तू रडत का होतीस?"

तिनं उठून दार लोटलं. "रडतंय कशाला? तोंडात मिशरी व्हती."

म्हातारा माळकरी. सोयरीक जुळवताना त्याची एकच अट होती, घरात तंबाखू नको. हिनं छातीवर हात ठेवून 'नाय' सांगितलेलं. आणि भर बाजारात व्याही पुढ्यात. थुंकता येईना, बोलता येईना. रस घशाखाली गेला आणि डोळे भरले. आता गावात त्याला बाईमाणसावर हात उगारणारा म्हणत होते आणि हिनंच रडून आपलं नाव घालवलं म्हणून तो सोयरीक मोडायला निघाला होता.

माझी आई आणि दोन्ही काकवा भाजलेली तंबाखू चोळून दात काळे करायच्या. दारात पाहुणा आला की तिघींचे गाल असेच फुगायचे. मी पाठमोरं बघूनसुद्धा ओळखलं असतं. पण कॅमेरा डोळ्याला लावला की मी विदुषी व्हायचे ना.

"चल, मी त्यांना खरं सांगते," मी म्हटलं.

"नको गो बाई! मिशरीचा नाव काढलात तर सोयरीक तशीपन मोडेल."

शेवटी दाढदुखी सांगायचं ठरलं. ऊन डोक्यावर घेत आम्ही त्याच्या ओट्यावर पोचलो. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नये म्हणून उठाबशा काढायला लावणारी मी, दाढेचं छान वर्णन केलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"कंची दाढ?"

"वरची," मी म्हटलं.

"खालची," ती म्हणाली. एकाच वेळी.

कुणी हसलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "इवाई, मिशरी व्हती तोंडात. तुमाला फसवलं मी. पोरीला कायपन ठाव नाय, तिला नका सोडू."

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पोरीचा लगीन व्हईल. पन मी हात उगारला नाय, ह्ये लोकांना कोन सांगल?"

"मीच सांगन."

आणि तिनं सांगितलं. मी फोटो उतरवला, ग्रुपवर माफीही लिहिली, ती कुणी वाचली नाही. ती मात्र दर बाजारी पाटीपुढं थांबणाऱ्या प्रत्येकाला करवंदांआधी तेच सांगत बसली. म्हातारा मारीत नव्हता, माझ्याच तोंडात मिशरी होती. मी शेजारी बसून पानांचे द्रोण लावून द्यायचे. दुसरं काय येत होतं मला?

लग्नाला मी कॅमेरा न घेता गेले. पुढं काही महिन्यांनी ती शहापूरच्या स्टँडवर भेटली, लेकीकडून परतत होती. मी विचारलं, पोरगी सुखात आहे ना? पिशवी खाली ठेवून ती बाकावर टेकली आणि म्हणाली,

"पोरगी बरी हाय, बाई. पन मी गेले का सगली आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मंग पानी इचारतात."