चोवीस तास पाणी

गुहागरच्या स्टँडवर मला एस.टी.त बसवून आबा खिडकीशी आले. "शिकून मास्तरीण झालीस तर बरं. बाकी तिथे कुणावर भरवसा ठेवू नको," म्हणाले. आई मागे उभी होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घरातून बी.ए.ला जाणारी मी पहिलीच, आणि तेही इंग्रजी घेऊन. भाईंदरबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तिथे आत्या राहते.

आत्याची खोली भाईंदरमधल्या खारी गावाच्या कडेला. टँकर आला की सगळी चाळ हंडे घेऊन धावायची. गावी विहिरीवर निवांत बोलणारी मी तिथे रांगेत "भाभी, मेरा नंबर है" असं भांडायला शिकले.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सावंत मॅडमनी सांगितलं, सुट्टीत प्रत्येकीने एखाद्या ऑफिसात काम करायचं. मला मीरा रोडची एक जाहिरात एजन्सी मिळाली. पगार नाही. आत्याला हे पटेना.

"फुकट राबवून घेतायत, वर शिकवतोय म्हणतायत? काहीतरी भानगड आहे."

पहिल्या दिवशी ती स्वतः आली आणि दुपारपर्यंत जिन्यात बसून राहिली. मला लाज वाटली, आणि धीरही आला. कारण संशय मलाही होताच. सुरुवातीला कुणी काही शिकवलं नाही. चहा मागवायला सांगितला की वाटायचं, आत्याचंच खरं.

मग एजन्सीच्या मालकांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, एक काम दिलं. नया नगरच्या पलीकडे इमारत उभी राहत होती, तिचं इंग्रजी माहितीपत्रक लिहायचं. हवेशीर खोल्या, बाग, चोवीस तास पाणी. वाक्यं झकास जमली. पण पाण्याचं शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत तिथे गेले आणि वॉचमनला पाण्याचं विचारलं.

"पाइप तो अभी आया ही नहीं, बेटी. टँकर आता है, वो भी रोज नहीं."

मी ते वाक्य गाळून कागद सरांपुढे ठेवला.

"पाण्याचं कुठाय?"

"तिथे पाणी नाहीये, सर. मी बघून आले."

"तुला बघायला कोणी सांगितलं? लिहून टाक."

गिरगाव-परळच्या खोल्या विकून इथे येणारी माणसं मला रोज दिसत होती. "मी नाही लिहिणार," म्हणाले. सरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी पाठवलंय तुला? दुसऱ्या एजन्सीने?"

मी पिशवी उचलून निघाले. माहितीपत्रक छापलं गेलं, पाण्यासकट.

आता वर्ष फुकट जाणार, आबा परत बोलावणार, असं धरूनच मी सावंत मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तू स्वतः जाऊन पाहिलंस?" मग एका इंग्रजी दैनिकातल्या ओळखीच्या संपादकांना फोन केला. उरलेली सुट्टी मी तिथे बातम्या तपासायला बसले. तिथेही काही दिवस मी प्रत्येकाकडे संशयानेच बघत होते. पदवीनंतर त्यांनीच नोकरी दिली. माझं इंग्रजी आवडलं असेल, असं मला वाटायचं. संपादक म्हणाले, "इंग्रजी शिकवता येतं. तुझा संशयी स्वभाव शिकवता येत नाही."

पुढे मीरा रोडला मी स्वतःची खोली घेतली. एकदा आबा आले, बरोबर गावचा सुधाकर. त्याला आमच्याच भागात घर घ्यायचं होतं. मी त्याला सांगितलं, तू म्हणतोस ती इमारत नको, मागची घे, मी दोन्ही बघून आलेय. तो चुळबुळला. "काका, एकदा जाऊन खात्री करूया?"

"कशाला? ती जाऊन आलीय," आबा म्हणाले, आणि जेवायला बसले.

गावाकडचे लोक अजून विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? कुणी फुकट काही देऊ केलं की मी आजही दहा प्रश्न विचारते. पण त्या दुपारी आबांनी मला एकही विचारला नाही. घर म्हणताना मला मीरा रोडची तीच खोली आठवते.