निकिताचा डावा हात

बावीस वर्षं झरीच्या अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांचा राग मला कधी येत नाही, येतो तो मोठ्यांचा. निकिताच्या बाबतीत तर त्याला सुमारच राहिला नाही.

निकिता सहाव्या वर्षात. उजवा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. डाव्या हातानं ती चित्रं काढते, नळ बंद करते, पोरांच्या झिंज्याही ओढते. पण जेवायला बसली की तो हात मांडीखाली. कारण तिची आजी, दगडाबाई. "डाव्या हातानं घास घ्यायचा न्हाई, लक्ष्मी रुसती." म्हणून घरी आई भरवायची, आणि अंगणवाडीत ही खिचडीला शिवायचीसुद्धा नाही, डबा भरून घरी न्यायची. जूनमध्ये पहिलीला जायचं. तिथं भरवायला आई कुठून आणायची?

तिची आई राजेश्री हातासाठी परभणीच्या दवाखान्यात खेटे घालून थकली. कुणी म्हणे पुढच्या मंगळवारी या, कुणी विचारी ग्रहणात काय चिरलं होतंस. शेवटी एका शिबिरात प्लास्टिकचा हात मिळाला. दगडाबाई हरखली. त्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवून म्हणाली, "खा आता." बोटं मिटतील तर ना! तुकडा खाली पडला. राजेश्रीनं तो हात खुंटीला अडकवला आणि माझ्याकडं येऊन सासूच्या नावानं रडली.

"बाई, जगाला समजावीन, पण आत्याबाईला कसं सांगू?"

मी दगडाबाईला चारदा सांगून पाहिलं. "तुमी शिकलेल्या बाया," एवढंच उत्तर. भिंतीशी बोललेलं बरं.

चैत्रात मारुतीच्या देवळापुढं पंगत बसली. मी बुंदी वाढत होते. ऊन डोक्यावर, चारी बाजूंनी "बाई, इकडं या" चाललेलं, माझी नजर फक्त पत्रावळींवर. एका पत्रावळीत छोटा डावा हात दिसला आणि बावीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"उजव्या हातानं जेवायचं!"

वर पाहिलं तर निकिता. भुकेपोटी का होईना, पहिल्यांदाच तिनं चारचौघांत हात बाहेर काढला होता. तो परत मांडीखाली गेला. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेजारी दगडाबाई होती. ती कडाडलीच.

"बाई, डोळे फुटले का तुमचे? हाय का लेकराला उजवा हात?"

रोज घरात हेच सांगणारी ही बाई! पण दुसरीच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिला ते झोंबलं. दगडाबाईनं आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि ती डाव्या हातानं वरणभात कालवायला लागली. पहिला घास अर्धा लुगड्यावर. पंगतीतल्या बाया टकामका बघायला लागल्या. दुसरा घासही सांडला.

मग निकितालाच राहवेना. हात बाहेर काढून तिनं घास बांधला.

"आजी, असं न्हाई गं. बोटं जवळ घे. आता अंगठ्यानं ढकल."

घास नीट तोंडात गेला. एक शीतही खाली पडलं नाही.

म्हणजे तिला येत होतं. कधीपासून, कुठल्या कोपऱ्यात लपून ती हातानं खात होती, कोण जाणे. आणि आम्ही तिघी शहाण्या बाया, पोरगी जेवायला शिकेल कधी, म्हणून जिवाला घोर लावून बसलो होतो.