खळीच्या मावशी

मावशींच्या बोटांना बारा महिने खळ लागलेली असायची. त्यांनी हात हातात घेतला की आपला तळवा क्षणभर चिकटायचा. बाजारचा गोंद त्यांना चालत नसे. लहान पोरं चाटतात म्हणून त्या मैद्याची खळ स्वतः शिजवायच्या. फुलचूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये दर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस मुलांचा असे. कागदकाम, रंगकाम, गाणी, दुपारी खिचडी. तो दिवस मावशी चालवत. चर्चची मुलं थोडी, आजूबाजूचीच जास्त. कुणाची आई बिड्या वळणारी, कुणाचा बाप राइस मिलमध्ये.

मुलांच्या कामाला त्या हात लावत नसत. एकदा मी एकाने वाकडातिकडा कापलेला मासा नीट करायला घेतला, तर त्यांनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली. "काऊन सरळ करून राहिली? वाकडा हाय, पण त्याचा हाय." मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. बी.एड.मध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी मुलांच्या त्या दिवशी पोरांनी कागदी होड्या केल्या. ऊन उतरल्यावर त्या सोडायला आम्ही जवळच्या बोडीवर गेलो. त्या छोट्या तळ्यात पाणी कमीच होतं, पण एका कडेला मुरूम काढून झालेला खोल खड्डा होता. मावशी एका टोकाला थांबल्या, मला त्या खड्ड्याच्या बाजूला उभं केलं. "इकडची पोरं तुयी," एवढंच म्हणाल्या. माझा फोन वाजला. मुलांच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून मी तळ्याची पाळ, मातीचा बांध चढून पलीकडे उतरले. चार-पाच मिनिटं असतील. परत आले तेव्हा आठ वर्षांची सुहानी दिसत नव्हती. लोकांनी तिला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता.

पोलिसांपुढे, चर्चच्या पाळकांपुढे, सुहानीच्या आईपुढे मावशी एकच बोलल्या, "पोरं माया जबाबदारीवर होती." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारीच उभी होते. मीही घेतलं नाही.

पुढे दर रविवारी प्रार्थना झाली की त्या सुहानीच्या घरी जात. पहिलं वर्षभर दार उघडलं नाही. तासभर ओट्यावर बसून त्या परत येत. नंतर दार उघडलं. मग कधीतरी चहाही मिळू लागला. मी एकदाही सोबत गेले नाही.

दोन वर्षं बंद पडलेला मुलांचा दिवस मावशींनीच पाळकांच्या मागे लागून पुन्हा सुरू करवला, आणि माझ्याकडे सोपवला. मी नको नको म्हणत राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुयासारखी नजर आता दुसरं कोणी ठेवणार नाही." रागावून म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या आजारात त्यांच्या खाटेशी बसून मी म्हणाले, "मावशी, मी सुहानीच्या आईला सगळं सांगून टाकते."

"कायले? तुले हलकं वाटावं म्हणून?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मायावर राग धरून ती कशीबशी उभी हाय. तिले आता राग धरायले दुसरं माणूस देऊ नको."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. दफनाला सुहानीची आई आली होती, पाच वर्षांच्या धाकटीला घेऊन. तिने मूठभर माती टाकली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"माफ नाही केलं मी बाईले," ती म्हणाली. "पण रविवारी दोन कप चहा ठेवायची सवय लागली होती."

तिने धाकटीला माझ्यापुढे केलं.

"मॅडम, हिले या वर्षी तुमच्याकडे पाठवू का? तुम्ही असता म्हणून भ्या नाही वाटत."

"पाठवा," मी म्हणाले.

आता सुट्ट्या लागायला आठवडा उरला आहे. धाकटीचं नाव मी यादीत लिहून ठेवलं आहे. तिच्या आईला अजून काहीही सांगितलेलं नाही.