ढिगाचा मागचा कोपरा

मी रायपूर सोडलं त्या दुपारी बाबा उरल्याहून थेट माना एअरपोर्टवर आले. स्कूटरवर, अंगावर कारखान्याचाच शर्ट. आई आणि मी चौबे कॉलोनीतून ऑटोने आधीच पोचलो होतो. बाकीच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून तिघंही काचेबाहेर उभे राहिलो. आईने ठेठरी-खुरमीचा डबा पुढे केला. ऑस्ट्रेलियात खायचं सामान काढून घेतात असं ऐकलं होतं, म्हणून मी तो परत दिला, आणि तिला वाईट वाटलं. बाबा म्हणाले, ‘दोन सालची तर गोष्ट आहे. जा, शिकून ये.’ रडारड झाली नाही. आमच्याकडे ती पद्धतच नाही. रडू आलं की आमचा माणूस पाण्याची बाटली आणायला जातो. बाबा दोनदा गेले.

हे मी लिहून राहिले ते रायपूरच्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे जे उठून निघाले त्यांच्यासाठीही. आमच्या मराठीला कुणी नाकं मुरडू नयेत. आजोबा अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत ती एवढी तरी टिकली, हेच खूप झालं. छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा मी शाळेत होते. राजधानी आपलीच, आता सगळं इथंच येईल, पोरांना बाहेर जायचं काम नाही, असं बाबा तेव्हा कुणालाही थांबवून सांगायचे. पुढे नवा रायपूर उभा राहिला. रुंद रस्ते, मोठमोठी कार्यालयं, आणि संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबा आम्हाला रविवारी तिथे फिरायला न्यायचे आणि रिकामे प्लॉट दाखवून इथे काय काय होणार ते सांगायचे.

बाबा उरल्याच्या एका लहान कारखान्यात नमुने काढायचे. बस्तरकडून कथिलाची खनिज माती यायची, भट्टीत ती वितळवून कथील काढायचं, आणि मागे जो काळा काचेसारखा गाळ उरायचा तो स्लॅग मागच्या अंगणात ओतायचा. असा तीस वर्षांचा ढीग तिथे पडून होता. पावसाळ्यात त्यावर तरोटा उगवायचा आणि शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका भाजीसाठी तो खुडून न्यायच्या. मी रसायनशास्त्र शिकून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा कळलं की त्या स्लॅगमध्ये टँटलम आहे. मोबाईलपासून विमानापर्यंत सगळ्यात लागणारा धातू, आणि तो मिळवायला सगळं जग धडपडतंय. असल्या खनिजांना आता क्रिटिकल मिनरल म्हणतात, असं मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘बरं झालं बापा, आमचा कचरा मोठा झाला.’

नमुना काढणं हे बाबांचं दैवत होतं. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी, वरून, खालून, पोटातून थोडं थोडं घ्यायचं. त्याची एक रास करायची, ती चपटी करायची, तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. उरलेल्याची पुन्हा रास, पुन्हा चार भाग, मूठभर उरेपर्यंत. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला हे स्वयंपाकघरात परातीतल्या तांदळावर शिकवलं. मी चांगले चांगले दाणे वेचायला लागले, तर हातावर चापट बसली. ‘वेचाचं नाही. जे हाताले येईल ते. वेचलं का खोटं झालं.’ आयुष्यात त्यांनी मला मारलं ते तेवढंच.

मग तो करार झाला. आमचा कारखाना, पर्थची एक तंत्रज्ञान कंपनी आणि तिथल्या विद्यापीठाची प्रयोगशाळा, अशी तिघांची संशोधन भागीदारी. आमच्याकडून स्लॅग आणि एक माणूस, त्यांच्याकडून टँटलम वेगळं करायची पद्धत. माणूस म्हणजे मी. पहिल्या वर्षी नमुने तपासायचे, दुसऱ्या वर्षी पद्धत बसवायची, आणि आकडे जुळले तर नव्या रायपुरात लहान प्रायोगिक कारखाना टाकायचा. त्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख मी. म्हणजे माझं घरी परतणं करारात लिहिलेलंच होतं. आकडे जुळले नाहीत तर मात्र कुणावर काही बंधन नव्हतं. सही झाली त्या दिवशी कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, सगळ्या कारखान्याला समोसे दिले. बाबांनी कराराची झेरॉक्स घरी आणली आणि माझ्या परतण्याचं कलम आईला हिंदीत वाचून दाखवलं, का कोण जाणे.

पर्थला उतरले तर विमानतळाच्या पहिल्याच दारात माझे सेफ्टी शूज बाजूला काढले. तळव्याला उरल्याची माती होती, आणि बाहेरची माती ते आत येऊ देत नाहीत. एका बाईने ते नेले, ब्रशने घासून धुतले आणि ‘नो वरीज’ म्हणून परत दिले. पहिल्यांदा सासरी गेलेल्या मुलीचे पाय धुतात तसं ते नव्हतं, पण मला आठवलं मात्र तेच. इथलं ऊन आपल्याच सारखं आहे, धूळही आहे, पण कुणाच्या अंगावर बसत नाही. दहा वाजता चहाची सुट्टी असते, तिला स्मोको म्हणतात. तेव्हा सगळे आपापला कप घेऊन बाहेर बसतात आणि हवामानावर बोलतात. मी पण बोलायला शिकले. संध्याकाळी सहाला रस्ते ओस पडायचे. मी डाळ-भात लावायची, बाबांना फोन करायची, आज काय केलं ते सांगायची. मला दुःख झालं होतं असं म्हणता येणार नाही. भूल दिल्यावर डॉक्टर दात ओढतो तेव्हा ओढल्याचं कळतं, दुखत नाही. तशी दोन वर्षं गेली.

पहिला नमुना मी गेल्यावर तीन महिन्यांनी आला. निळी प्लॅस्टिकची बादली, झाकणावर सील, कागदावर बाबांची सही. मी झाकण काढलं आणि सगळे तुकडे एकाच जातीचे दिसले. काळेकुळकुळीत, चकचकीत, जड. आमच्या ढिगात तपकिरी, फुगीर, भोकाभोकाचा माल अर्ध्याहून जास्त आहे, हे मला माहीत नव्हतं का? होतं. ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात सगळ्यात जुना स्लॅग आहे, जुन्या भट्टीचा, आणि टँटलम खरं तिथेच आहे, हे तर बाबांनीच मला दाखवलं होतं. मी पाच मिनिटं बादलीकडे पाहत उभी राहिले. मग सगळं दळायला टाकलं.

हे मी रायपुरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टँटलमचे आकडे इतके चांगले आले की माझी वरिष्ठ हेलन स्मोको सोडून आत आली. हेलन साठीची आहे, कमी बोलते, आणि चाळीस वर्षं याच धंद्यात आहे. ती म्हणाली, फार छान, फारच छान, आणि दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या आकड्यांवर पुढचं सगळं ठरलं. नव्या रायपुरात जागा पाहिली गेली. बाबा रविवारी स्कूटरने जाऊन ती पाहून आले आणि फोनवर म्हणाले की जागा मस्त आहे, फाटकाजवळ एक कडुनिंबही आहे. आईने माझ्या खोलीला रंग लावून घेतला.

दुसऱ्या वर्षी पर्थचा माणूस स्वतः उरल्याला गेला आणि ढिगाच्या दहा ठिकाणांहून माल भरून घेऊन आला. आकडे पहिल्याच्या चौथ्या हिश्शावर आले. पुन्हा केले, तेच आले. हेलनने मला बोलावून शांतपणे सांगितलं की दोनपैकी कोणता नमुना खरा आहे, ते तू मला सोमवारपर्यंत लिहून दे.

मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. पलीकडे आईचा कुकर शिट्टी देत होता.

‘बाबा, पहिली बादली कुठून भरली?’

‘ढिगातून.’

‘मागच्या कोपऱ्यातून ना?’

‘पाहुण्यांच्या ताटात कोनी करपलेली पोळी वाढते का?’

‘बाबा, काहून केलं असं? तुम्ही?’

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

‘तुले वापस आनाचं होतं मले,’ ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. एवढंच कळलं की ज्या माणसाने मला तांदळाचा दाणा वेचू दिला नाही, त्याने साठी उलटल्यावर चार दिवस उन्हात उकिडवं बसून एकेक तुकडा वेचला, आणि तो माझ्यासाठी वेचला. आणि मी ते ओळखून दळलं. चोर एक नव्हता, दोन होते. अर्थात सही एकाचीच होती.

गप्प राहता आलं असतं. दुसऱ्या नमुन्यात गडबड असेल, आणखी एक मागवू, असं लिहून सहा महिने काढता आले असते. तोवर नव्या रायपुरात भिंती उभ्या राहिल्या असत्या आणि मी घरी असते. मग एक दिवस भट्टी पेटली असती, तिच्यातून खर्चापुरतंही काही निघालं नसतं, आणि सेठजींचा कारखाना बुडाला असता. बाबांबरोबरची चाळीस माणसं त्याच कारखान्यावर जगतात. आता लिहायला हे सोपं वाटतं. त्या शनिवार-रविवारी सोपं नव्हतं. मी दोन दिवस घर झाडलं, पुन्हा झाडलं, आणि सोमवारी लिहिलं.

अहवालाचा छापील नमुना असतो. ‘पहिला नमुना ढिगाचं प्रतिनिधित्व करत नाही,’ असं मी लिहिलं. ‘नमुना कोणी घेतला’ या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. ‘तपासणाऱ्याच्या लक्षात आलं होतं का,’ यापुढे ‘होय’ लिहिलं. त्याच्याखाली ‘विचलनाचं कारण’, म्हणजे असं का झालं, असा रकाना होता, तोही भरला. हेलनने वाचलं, चष्मा काढला, आणि माझ्यासाठी चहा करून आणला. दीड वर्षात पहिल्यांदा.

महिन्याभरात भागीदारी दोन्ही बाजूंच्या संमतीने संपली. पत्र फार सभ्य होतं. मला वाटलं आता मलाही जा म्हणतील, पण खरं लिहिलं म्हणून पर्थच्या कंपनीने मला कायमची नोकरी दिली. हसावं की काय करावं? सेठजी बाबांना एका शब्दाने बोलले नाहीत. बाबांनी स्वतःच नमुन्याचं फावडं खाली ठेवलं आणि आता ते फाटकावर ट्रकची नोंद करतात. आकडे चुकत नाहीत, असं आई म्हणते.

मागच्या दिवाळीनंतर बारा दिवसांसाठी गेले. खोलीचा नवा रंग तसाच होता, पण मी झोपले बैठकीतच. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन आईने माझ्यासाठी कापड घेतलं, शिवायला वेळ नाही हे दोघींनाही माहीत होतं. शेजारची पोट्टी माझ्याशी हिंदीत बोलली, दीदी म्हणाली, कुठून आलात असं विचारलं. बाबा आणि मी दहा दिवस भाजी, ऊन आणि रस्ते यांवरच बोललो, अगदी स्मोकोसारखं. तुम्ही सगळे मला विचारता की आता घर कुठलं. मला नाही माहीत. एवढंच माहीत आहे की पर्थला माझं सगळं खरं आहे, कागदोपत्री, तपासून घेतलेलं, आणि तिथे मला कुणी ओळखत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. बाबांनी ताट पुढे ओढलं नाही.

‘त्या अहवालात माझं नाव लिहिलं का?’

‘लिहिलं.’

‘बरोबर. लिहाच लागते.’ त्यांनी पाण्याचा घोट घेतला. ‘आन् कारण? कारनाची पन जागा राहते त्याच्यात.’

‘कारण माहीत नाही, असं लिहिलं.’

बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

‘खोटं लिहिलं तू,’ ते म्हणाले.

‘हव,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, माझं ताट माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही जेवायला लागलो.